कुठल्या उजेडात पाहिलंस?

सोमवार, ता. ८, सकाळी आठ

ताई,

नमस्कार तर आहेच, पण आधी फुशारकी. तुझी भावजय तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेली त्याला आज तिसरा दिवस, आणि घर अजून जागेवर आहे. बटणही जागेवर आहे, म्हणजे अडीच वर्षांची पोर जितकी जागेवर राहते तितकी. मी दहा दिवसांची रजा टाकली तेव्हा आमचे रंगखात्याचे मास्तर म्हणाले, "रजा घे, पण शेजारणीला आधीच सांगून ठेव." म्हणजे माझी ख्याती बघ. रंगखात्यात माझ्या नजरेच्या भरवशावर गाडीभर सूत रंगवून टाकतात, आणि माझीच पोर माझ्या हाती द्यायची म्हटलं की सगळ्यांना घाम फुटतो.

शनिवारी तिचे केस मी विंचरले. एक शेंडी कानावर आणि एक कपाळावर आली, पण आल्या. रविवारी दिवसभर दोघं घरीच. गेल्या आठवड्यात तिला सर्दी होती ती आता गेली. जेवणखाण ठीक.

आज सकाळी मात्र दूध प्यायली आणि पाच मिनिटांत सगळं माझ्या शर्टावर. अंग कोमट लागलं म्हणून थर्मामीटर लावला, तर शंभर. नंतर पुन्हा एकदा उलटी झाली, पण त्यात पाणीच होतं. आता बाहुलीला दटावत बसली आहे. मी घाबरलेलो नाही. उचकीच्या वेळी केलं तसं काही करणार नाही, शपथ. फक्त तुला विचारतो, तू दोन पोरं वाढवलीस म्हणून. अशा वेळी काय करायचं, आणि काय झालं की घरात थांबायचं नाही?

सूत नेणारे व्हॅनवाले काका नऊला निघतील, म्हणजे अकराला तुझ्या गोदामात. उत्तर एकच्या फेरीने पाठव, तीनला मला मिळेल. ते कोपऱ्यावर हॉर्न वाजवतात, मी बटणला कडेवर घेऊन जातो. तिला तो हॉर्न स्वतः वाजवायचा असतो, ही रोजची भानगड.

हिला यातलं काही कळवू नकोस. आईच्या डोळ्याला पट्टी, त्यात आमची चिंता कशाला.

तुझा,
धाकटा


सोमवार, ता. ८, दुपारी बारा

धाकट्या,

आशीर्वाद, त्यातले निम्मे बटणला. तुला कमीच लागतात, तू स्वतःची पाठ स्वतः थोपटून घेतोस.

पत्र वाचून मी सुताच्या गाठोड्यावर बसून हसले. इथल्या बायकांनी विचारलं काय झालं, तर त्यांना उचकीची गोष्ट पुन्हा सांगावी लागली. भर दुपारी पोरीला चादरीत गुंडाळून, मागे चार शेजारी घेऊन दवाखान्यात शिरलेला बाप, आणि दारातच थांबलेली उचकी. कंपाउंडर अजून "उचकी कशी आहे?" विचारतो म्हणालास ना? विचारू दे, बिचाऱ्याला दुसरी करमणूक काय. पण आता परत वरात काढू नकोस. एवढ्यातेवढ्याने पोरं ओकतात. माझी दोन्ही ओकत ओकतच मोठी झाली.

आता कामाचं. दूध बंद ठेव आज. औषधाच्या दुकानात मीठ-साखरेची पुडी मिळते, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव, अंदाजाने नाही. तुझा अंदाज मला माहीत आहे. पेला तोंडाला लावायचा नाही, चमच्याने द्यायचं, दर पाच मिनिटांनी एक. ओकली तर दहा मिनिटं थांब आणि परत चमच्यापासून सुरू कर. उलटी थांबवायचं औषध तुझ्या मनाने देऊ नकोस, घरात कुणाची उरलेली बाटली असली तरी. तापाचं औषध तिच्या वजनाप्रमाणे, मागच्या वेळी डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल ते बघ.

आणि थांबायचं कधी नाही, ते विचारलंस. सहा-आठ तास शू झाली नाही, रडताना डोळ्याला पाणी नाही, तोंड कोरडं पडलं, तर निघायचं. हाक मारून नीट जागी होत नसेल, मान वाकवायला रडत असेल, पोट सारखं दुखत असेल, चमचाभर पाणीही टिकत नसेल, तर निघायचं. उलटीत रक्त दिसलं तर विचारायलाच नको. आणि हिरवी उलटी झाली तरीही तेच. दूध, पाणी, फिकट पिवळं हे चालतं, हिरवं नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी दाईने मला हे एकच वाक्य चार वेळा ऐकवलं होतं, म्हणून डोक्यात बसलंय.

तेवढं तुला अवघड नाही. रंग ओळखायचा पगार घेतोस तू. माझ्या डोळ्यांवर सावट आलं आणि मला इथे गाठोडी मोजायला बसवलं, तेव्हा माझी खुर्ची तुलाच दिली त्यांनी.

वहिनीला मी काही लिहीत नाही. पण लपवाछपवी मला आवडत नाही, हे लक्षात ठेव.

तुझी,
ताई


मंगळवार, ता. ९, सकाळी साडेआठ

ताई,

कालचं पत्र वाचलं. सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे चाललंय. पुडी आणली, पाणी मापाने घेतलं, चमचा आणि घड्याळ घेऊन बसलो. मी वहीत लिहून ठेवतोय, प्रयोगशाळेत लॉटची नोंद ठेवतो तशी. कालपासून उलट्या सात. ताप एकशे एक, औषधाने शंभरावर येतो, चार तासांनी परत चढतो. शू काल रात्री अकराला झाली, आज पहाटे पाचला झाली. रडताना डोळ्याला पाणी आहे. हाक मारली की बघते. म्हणजे तुझ्या सगळ्या परीक्षांत पास.

रंगाचं म्हणशील तर मी डोळ्यांत तेल घालून बघतोय. कालच्या दुपारपर्यंत पांढरट. मग पिवळट. आज पहाटेपासूनच्या दोन आपल्या रंगांच्या शेड-कार्डावरच्या बावीस नंबरच्या जवळ, जरा मळकट, मोहरीसारख्या. कार्ड घरी आहेच, चक्क शेजारी धरून पाहिलं. बावीसच. हिरव्याचं नाव नाही. आमचा मुक्काम सध्या मोरीतच आहे, पाट टाकून दोघं तिथेच बसतो, म्हणजे पळापळ नको.

एकच गोष्ट नवी. मधूनच ती पाय पोटाशी घेऊन जोरात रडते, चेहरा लाल होतो, मला घट्ट धरते. दोन-चार मिनिटं. मग एकदम शांत पडते, अगदी दमल्यासारखी, डोळे मिटून. परत वीसेक मिनिटांनी तेच. पण मधे शांत होते हे चांगलंच ना? पोट सारखं दुखत असेल तर, असं तू लिहिलंस. हे सारखं नाही. शेजारच्या शिवणवाल्या मावशी म्हणाल्या, गॅस असेल.

एकदा वाटलं, जावं का. चप्पलसुद्धा घातली. मग कंपाउंडरचा चेहरा डोळ्यापुढे आला आणि चप्पल काढली. तू म्हणालीस तसं, वरात नको. आजचा दिवस बघतो.

हिला काल पोस्टकार्ड टाकलं: "आम्ही मजेत."

धाकटा


मंगळवार, ता. ९, सव्वाअकरा

धाकट्या,

पत्र आत्ता हातात पडलं. आधी शाबासकी लिहायला घेतली होती, वही ठेवलीस, चमचा धरलास, शू मोजलीस. मग बावीस नंबर वाचला आणि हात थांबला.

कुठल्या उजेडात पाहिलंस?

तुझ्या मोरीला खिडकी नाही. तिथे तो एक पिवळा दिवा आहे, मीच सांगितलं होतं बदल म्हणून. अरे, पिवळ्या दिव्याखाली बावीस आणि सत्तावीस एकच दिसतात! पहिल्याच वर्षी तू सत्तावीसचा अख्खा लॉट बावीस म्हणून पास केला होतास, संध्याकाळी, दिव्याखाली. सकाळी खिडकीशी नेला तर शेवाळासारखा हिरवा. तेव्हा तुझ्या हातावर मी पट्टी मारली होती, खरोखरची.

उजेडात बघ. पांढऱ्या कापडावर घेऊन अंगणात

हे पत्र मी इथेच सोडते. व्हॅन एकला निघणार, तुला तीनला मिळणार. तोवर बसून राहणं माझ्याच्याने होणार नाही. ऑफिसातल्या फोनवरून मास्तरांना गाठते. मालाच्या कामाशिवाय त्या फोनला हात लावायचा नाही असा नियम आहे, पण आज लावते.


बुधवार, ता. १०, सकाळी, दवाखान्याच्या बाकावरून

ताई,

बटण झोपली आहे. खरी झोप, हात पसरून, तोंड उघडं टाकून. नर्स म्हणाली, "आता लिहा हवं तर, ती तासभर उठत नाही." म्हणून लिहितोय. काल पाचला मास्तरांनी तुला फोनवर दोन वाक्यांत सांगितलं म्हणाले. बाकीचं माझ्याकडून ऐक.

साडेअकराला दार वाजलं. उघडलं तर मास्तर. तुझा फोन आला तेव्हा ते निळ्याच्या टबाशी होते, तसेच पळत आले होते, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. त्यांनी मला काही विचारलंच नाही. म्हणाले, "पुसलेलं फडकं कुठंय? पांढरं?" सकाळचा टॉवेल बादलीत होता. त्यांनी तो उचलून अंगणात नेला आणि कपडे धुवायच्या दगडावर उन्हात पसरला.

सत्तावीस, ताई. अगदी कार्डावरचं सत्तावीस.

एरवी शेडवर तासभर बोलणारे मास्तर "रिक्षा," एवढंच म्हणाले, आणि चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत गेले. मी बटणला उचललं. ती मान माझ्या खांद्यावर टाकून होती, बाहुलीही मागितली नाही. रस्त्यात एकदा पाय आखडून रडली आणि गप्प झाली. त्या गप्प होण्याला मी सकाळपासून बरं होणं समजत होतो.

दवाखान्यात नर्सने मास्तरांचे निळे हात पाहिले आणि आधी त्यांनाच खाटेवर बसवलं. ते "मी नाही, मी नाही" करत असताना डॉक्टरबाई आल्या. लहानखुऱ्या, तुझ्यासारख्याच भराभर बोलणाऱ्या. मी वही पुढे केली. त्यांनी ती उभ्या उभ्याच वाचली, किती उलट्या, कधी शू, कधी रडली. मग पोटावर हात ठेवला, उजव्या बाजूला बराच वेळ. मला विचारलं, "पाय पोटाशी घेते ते किती वेळाने?" मी सांगितलं. "उलटी हिरवी, हे केव्हापासून?" मी म्हणालो, पहाटेपासून असेल, मी पिवळी समजलो, दिवा पिवळा होता. त्यांनी वही माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, "आणलंत ना? बसा."

सोनोग्राफी केली. आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात शिरला होता. स्वेटर काढताना बाही बाहीत अडकते, तसं. लहान पोरांत सर्दीतापानंतर कधी कधी होतं म्हणाल्या, कुणाच्या चुकीने नाही, खाण्यापिण्याने नाही. कळ येते तेव्हा पोर पाय आखडून रडतं, कळ सरली की निपचित पडतं, म्हणून घरच्यांना वाटतं थांबलं. अडकलेलं तसंच राहिलं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग कापावं लागतं. मी विचारलं, आता? तर म्हणाल्या, "आता आधी हवेने बघू." शस्त्रक्रियेवाल्या डॉक्टरांनाही बोलावून तयार ठेवलं होतं. मला ते दिसलं, पण मी न बघितल्यासारखं केलं.

मग तिला आत नेलं. हाताला सलाईन, आणि खालून नळीने हवा सोडतात, पडद्यावर बघत बघत. मला दाराबाहेर उभं केलं. मास्तर शेजारी होते. मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या, उभ्या चौदा, आडव्या एकवीस. आतून बटणचं रडणं येत होतं आणि मला तेच हवं होतं, कारण रडणं थांबलं की मला भीती वाटायची. मग दार उघडलं आणि बाई म्हणाल्या, "सुटलं."

ताई, मी मास्तरांच्या गळ्यात पडून रडलो. माझा शर्ट निळा झाला, पाठीवर दोन पंजे. तो मी आता धुणार नाही.

काल दुपारी तीनला तुझं अर्धं पत्र आलं. शिवणवाल्या मावशींनी ते इथे आणून दिलं. तोवर बटण सलाईन लावून झोपली होती. ते वाचताना मला कळलं की फोन न करता तू ते पुरं करून व्हॅननेच पाठवलं असतंस, तर मी तीनपर्यंत मोरीतच बसलो असतो. दिव्याखाली. पाट टाकून.

परत अडकण्याची थोडी शक्यता असते, म्हणून उद्यापर्यंत ठेवणार आहेत. आज सकाळी साधं पाणी दिलं, राहिलं. हिला अजून कळवलेलं नाही. कळवलं तर ती आईला तशीच टाकून निघेल. घरी गेलो की सावकाश सांगतो.

धाकटा


बुधवार, ता. १०, दुपारी बारा

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा धावत, दुसऱ्यांदा नीट, तिसऱ्यांदा नुसतं "सुटलं" शोधायला. देवाला, डॉक्टरबाईंना आणि मास्तरांच्या पायांना नमस्कार सांग.

काल फोन केल्यावर मी काय केलं ते तुला सांगते. ऑफिसातले साहेब खुर्चीतून उठून म्हणाले, हा फोन कशासाठी आहे ठाऊक आहे ना. मी म्हटलं, ठाऊक आहे, आणि फिरवत राहिले. मास्तरांशी बोलताना मी एवढी ओरडत होते की साहेबच दाराबाहेर जाऊन उभे राहिले. नंतर त्यांनी स्वतः पाण्याचा पेला आणून दिला. पाच वाजेपर्यंत मी दोनशे चाळीस गाठोडी मोजली, तीन वेळा, तीन वेगळे आकडे आले. मास्तरांचा फोन आला, "हवेने झालं, कापलं नाही," आणि मी गाठोड्यांवर तोंड खुपसून रडले. सूत ओलं झालं असेल, तुमच्याकडे येईल तेव्हा बोलू नका.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातंय, तरी लिहिते. सोमवारी मी तुला हसले. कधी निघायचं ते सांगितलं खरं, पण त्याच पत्रात निघायची लाजही तुझ्या पदरात टाकली. नियम पाच ओळींचे आणि चेष्टा अर्धं पान. तू चप्पल घातलीस आणि काढलीस, ती माझ्यामुळे. मी मोठी आहे. मला कळायला हवं होतं की घाबरलेल्या माणसाने विचारलं तर आधी उत्तर द्यावं, मग हसावं. आणि खरं सांगू? पाय पोटाशी घेण्याचं वाचून मलाही काही कळलं नव्हतं. मी त्या रंगावरच अडले. कळलं नाही तरी "जा, दाखवून ये" एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

दुसरं. वहिनीला आजच्या आज कळव. सावकाश वगैरे काही नाही. तिची पोर आहे. ती निघाली तर निघू दे, तिच्या आईजवळ भाऊ आहे, बटणजवळ आई हवी. "आम्ही मजेत" हे कार्ड तिच्या हातात पडलं असेल आज, विचार कर. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि माझं पत्र तुला परवडणार नाही.

तुझी,
ताई


शनिवार, ता. १३, सकाळी अकरा

ताई,

आम्ही घरी आलो. गुरुवारी संध्याकाळी सोडलं. निघताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, आता परत ताप आला, उलटी झाली, तर मी ओळखायचं कसं? म्हणाल्या, बहुतेक पोरं तापात ओकतात आणि चमचा-चमचा पाण्यावर घरीच बरी होतात, तसं बघायला तुम्हाला येतंच. हिरवं, रक्त, निपचित पडणं, शू बंद, पोटात येणारी-जाणारी कळ, यातलं एक दिसलं की या. आणि यातलं काही नसलं तरी मन थाऱ्यावर नसेल तर या. "माझा वेळ गेला तर मी बघून घेईन," म्हणाल्या.

तुझी चूक म्हणतेस. नाही ताई. चप्पल मी लाजेने काढली असेन, पण पहाटेपासून दुसरंच काहीतरी मला धरून बसलं होतं. कार्ड हातात होतं आणि मला वाटत होतं, रंगातलं मला कोण सांगणार! घाबरलेला बाप दोन पावलांवर अंगणात गेला असता. मी शेड ओळखणारा होतो, म्हणून जागचा हललो नाही. दवाखान्यात मी हे मास्तरांना बोललो, तर ते म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस, मीही तिथे बावीसच म्हटलं असतं. तुझ्या ताईने अंगणात ने म्हणून सांगितलं." तेव्हा तू रडू नकोस. मोरीत आता पांढरी ट्यूब लावली आहे, कालच.

हिला बुधवारीच लिहिलं, जलद टपालाने. सात पानं झाली. वहीतल्या नोंदीसुद्धा उतरवल्या. दिवा, टॉवेल, चप्पल, पोस्टकार्ड, काही वगळलं नाही. शेवटी लिहिलं की मी तुला खोटं कळवलं, आणि पोर जवळजवळ हातची घालवली, तू काय म्हणशील ते मान्य. पत्र पेटीत टाकलं आणि घरी आल्यापासून मी पोस्टमनच्या वाटेकडे बघायचं टाळत होतो. टाळायचं आणि खिडकीतही बसायचं.

काल उत्तर आलं. मी पाकीट फोडायच्या आधी बटणला कडेवर घेतलं. आत एकच चिठ्ठी, चार ओळींची. ती तुला जशीच्या तशी लिहितो:

"पत्र मिळालं. दादा आईजवळ थांबतोय, मी शनिवारी दुपारी पोचते. बटणला काय खायला चालतं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. तुम्ही जेवलात का?"

मी ती शेवटची ओळ वाचली आणि तिथेच बसलो. ताई, मंगळवारपासून मी काय खाल्लं ते मला आठवेना. दवाखान्यात चहा प्यायलो असेन. मावशी डबा देत होत्या, तो मी उघडून परत बंद करत होतो. मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, निदान चार दिवस बोलणार नाही. शिक्षेची मी इतकी तयारी केली होती, आणि तिने हे विचारलं. मग मला फार भूक लागली. रडू येत होतं आणि भूक लागली होती, दोन्ही एकदम.

उठून दोन बटाटे उकडले, मीठ घातलं, पाव कापला, ताट घेऊन खाली बसलो. बटणला मऊ पदार्थ थोडे थोडे द्या म्हणून सांगितलंय, तिच्या वाटीत वेगळं कुस्करून ठेवलं होतं. तिने वाटीकडे बघितलंही नाही. माझ्या मांडीवर चढली, माझ्या हातातला बटाटा ओढून घेतला आणि तोंडात कोंबला. मी नको नको म्हणेपर्यंत गिळलाही.

मी ताट बाजूला ठेवलं आणि घड्याळ बघत बसलो. पाच मिनिटं. दहा. ती माझ्या बाहीला तोंड पुसून खेळायला गेली. अर्धा तास झाला, तरी तो घास पोटात राहिला होता. मग मी जेवलो.

ही दुपारी येईल. स्टेशनवर बटणला घेऊन जातोय.

धाकटा